पिवळी अक्षरं आणि तांब्याचे दोन वॉशर

काम तसं किरकोळ होतं. मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवर, म्हणजे डिस्क प्लेटला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणाऱ्या भागावर, कंपनीचं नाव बऱ्याचदा उठावाच्या अक्षरांत ओतलेलं असतं. ती करंगळीच्या नखाएवढी अक्षरं घरच्या घरी पिवळी करायची. त्यातून पुढचा ब्रेक धरून बसला, ब्रेक ऑइल गळायला लागलं आणि रंग गेला तो वेगळाच. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे गाडी आमच्या गॅरेजात आली तेव्हा मालकासकट सगळ्यांनी एकाच गोष्टीवर बोट ठेवलं: ब्रेक तापतो, रंग जळतो. प्रत्यक्षात उष्णतेचा यात हात जवळजवळ नव्हता. जे काही बिघडलं ते पातळ पदार्थांनी बिघडवलं. पेट्रोलने एक, ब्रेक ऑइलने दुसरं, आणि या दोघांना वाट करून दिली ती रंगाच्या एका पातळ थराने, जो नको तिथे बसला होता.

गाडी आणि तक्रार

जुनी पल्सर, सेकंडहँड घेतलेली. पुढे एक डिस्क, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. मालक सोलापूरच्या नीलम नगरचा, नुकता कामाला लागलेला पोरगा. घरात खाली यंत्रमाग, वर राहायच्या खोल्या. घरच्यांची बाळ्याच्या खंडोबावर श्रद्धा, त्यामुळे टाकीवर भंडाऱ्याच्या पिवळ्या रंगाची रेघ आधीच ओढलेली होती आणि कॅलिपरवरचं नावही त्याच पिवळ्यात हवं होतं. (पोर्शच्या गाड्यांवर पिवळा कॅलिपर म्हणजे सिरॅमिक डिस्कचा ब्रेक, असं त्याला मित्राने मोबाईलवर दाखवलं होतं. त्याचं त्याला काही देणंघेणं नव्हतं.)

तक्रार त्याच्याच शब्दांत: "अण्णा, ब्रेक लय तापुलालाय. कलर जळून गेला बगा."

सोबतच्या मित्राचं निदानही तयार होतं आणि औषधही. "तुला म्हनलं होतं का नाही बे? सायलेन्सरचा कलर मारायचा. सहाशे डिग्री चालतंय."

हा सल्ला सोलापुरात, आणि बहुधा सगळीकडेच, कुणीही देईल. तो चुकीचा का आहे ते पुढे येईलच.

घरी काय झालं होतं

पोरगा हुशार होता. काय केलं ते काही न लपवता सांगितलं, आणि त्यामुळे निदान निम्मं सोपं झालं.

फोर्कवरचे दोन बोल्ट काढून त्याने कॅलिपर सोडवला. तो होज पाइपला लटकवत ठेवणं बरोबर नाही, हे त्याला माहीत होतं. शिवाय काम वरच्या खोलीत करायचं होतं. म्हणून होज पाइपचा बँजो बोल्टही (पाइप कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट, ज्यातून ब्रेक ऑइल आत जातं) खोलला आणि कॅलिपर सुटा करून वर नेला. सगळं पेट्रोलने धुतलं. पुसायला घरातल्या टर्किश टॉवेलच्या चिंध्या, ज्यांचा नीलम नगरात कधी तुटवडा नसतो. मग "आता काढलाच आहे तर" म्हणून अक्षरांपुरतं न थांबता अख्ख्या कॅलिपरवर लाल स्प्रे मारला, त्यावर ब्रशने पिवळा एनॅमल भरला आणि मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर वाळत ठेवला.

स्प्रे मारताना त्याने बँजो बोल्टच्या भोकात कागदाची गुंडाळी खुपसली होती. रंग आत जाऊ नये ही काळजी घेतलेली होती. पण भोकाभोवतीची ती गोल, सपाट, मशीन केलेली जागा, जिच्यावर वॉशर टेकतो, ती उघडीच राहिली. तिच्यावर लाल रंग बसला. नंतर जुनेच तांब्याचे वॉशर लावून बोल्ट आवळला, हँडलजवळच्या छोट्या टाकीत ब्रेक ऑइल भरलं, मित्राला लीव्हर दाबायला लावून हवा काढली. ब्रेक लागला. पहिले काही दिवस सगळं ठीक होतं.

मग खालची अक्षरं सुटायला लागली आणि सात रस्ता चौकापर्यंत जाऊन आलं तरी डिस्क प्लेट हाताला पोळायला लागली.

अक्षरं जवळून पाहिली तेव्हा

या गाडीचा कॅलिपर फोर्कला तिरका बसतो, त्यामुळे त्यावरचं नाव वरून खाली उतरत जातं. वरची अक्षरं आणि खालची अक्षरं यांची अवस्था वेगवेगळी होती, आणि सगळं उत्तर या फरकात होतं.

वरच्या अक्षरांवर बारीक सुरकुत्या होत्या, पण रंग टणक. नखाने दाबला तर जागचा हलत नव्हता. या सुरकुत्या गच्चीवरच्या उन्हाच्या. एनॅमल जाड भरला आणि लगेच कडक उन्हात ठेवला की वरची साय आधी धरते आणि आतलं टर्पेंटाइन अडकतं. ते नंतर बाहेर पडताना वरचा पापुद्रा ओढून घेतं. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो, आणि उन्हात पडलेलं काळं-लाल धातूचं कास्टिंग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. या सुरकुत्या दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. शिवाय त्या रंगात सुताचा तूस जागोजाग चिकटलेला होता. खाली माग चालू आणि हातात टॉवेलच्या चिंध्या असताना दुसरं काय होणार?

खालच्या अक्षरांची गोष्ट निराळी. पिवळा अजून लख्ख पिवळा होता. करपलेला, तपकिरी झालेला, भुकटी पडलेला असं काही नाही. पण मऊ. नख टेकवलं की खड्डा, आणि नख ओढलं की पिवळा आणि लाल दोन्ही थर एकदम निघून कंपनीचा मूळ काळा थर दिसायचा. हा मऊपणा सगळीकडे नव्हता. बँजो बोल्टच्या खालून सुरू होऊन कॅलिपरच्या खालच्या कडेपर्यंत जिभेच्या आकाराचा एक पट्टा होता. त्या पट्ट्याच्या बाहेर लाल रंग शाबूत.

उष्णता असा पट्टा काढत नाही. अल्युमिनियम उष्णता चटकन पसरवतं. तापला असता तर अख्खा कॅलिपर तापला असता आणि रंग सगळीकडून गेला असता. वरून खाली जिभेसारखं काय उतरतं? ओघळ.

तिथला ओलसरपणा बोटांत घेतला, बुळबुळीत लागला. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकून चोळलं तर तो पाण्यात मिसळून गेला. इंजिन ऑइल किंवा फोर्कचं ऑइल असतं तर पाणी वेगळं राहिलं असतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर आधारलेलं असतं, ते पाण्यात विरघळतं, आणि रंगाला ते उत्तम रिमूव्हर आहे. टाकीत भरताना एक थेंब पेट्रोलच्या टाकीवर पडला आणि पुसायचा राहिला की काय होतं, हे ज्याने एकदा पाहिलंय त्याला सांगायला नको.

खात्रीसाठी लीव्हर ओढून जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला बांधला, बँजोभोवती पांढरा टिश्यू गुंडाळला आणि चहा घेतला. चहा होईतो टिश्यूवर खालच्या बाजूने चंद्रकोरीसारखा ओला डाग आला होता.

बोल्ट खोलल्यावर

तांब्याचे वॉशर मऊ असतात, कारण त्यांनी आवळल्यावर चेपून दोन्ही बाजूंची बारीकसारीक खोट भरून काढायची असते. एकदा चेपले की तांबं कडक होतं; दुसऱ्यांदा तेवढं चेपत नाही. जुने मेकॅनिक वॉशर जाळावर लाल करून पुन्हा मऊ करून घेतात, ती पद्धत खरी आहे. पण चहाच्या पैशात नवे मिळत असताना हा खटाटोप कशाला?

इथे मात्र जुना वॉशर एवढाच प्रश्न नव्हता. वॉशर आणि कॅलिपर यांच्या मध्ये लाल रंगाचा थर होता. आवळताना तो गच्च वाटला. मग आतल्या बाजूने, भोकाच्या कडेने, ब्रेक ऑइल त्या रंगाला लागलं आणि त्याला हळूहळू मऊ करत गेलं. थर मऊ झाला तसा दाबाखाली बाहेर सरकला, बोल्टची पकड तेवढी सैल झाली, आणि ऑइलला बाहेर यायला वाट मिळाली. बाहेर आलेल्या ऑइलने मग खालची अक्षरं खाल्ली. म्हणजे रंगाने गळती केली आणि गळतीने रंग घालवला. वॉशर काढला तेव्हा त्याच्या खालच्या बाजूला लाल रंगाची अर्धवट कडी चिकटलेली होती; उरलेली अर्धी विरघळून गेली होती.

म्हणून ब्रेकच्या सामानावर रंग मारताना जिथे धातूला धातू टेकतो ती प्रत्येक जागा कोरी राहिली पाहिजे. बँजोची बैठक तर आहेच. फोर्कला कॅलिपर जिथे टेकतो त्या कानांच्या सपाट बाजूही तशाच. तिथल्या जाड रंगाचा थर चेपत गेला की बोल्टचा टॉर्क, म्हणजे आवळ, उतरतो. या गाडीत त्या कानांवरही लाल होता. तो खरवडला.

उष्णतेचा हिशेब

आता ते सहाशे डिग्रीचं प्रकरण. डॉट 4 (ही ब्रेक ऑइलची एक प्रत) ब्रेक ऑइल नवं असताना किमान 230 अंश सेल्सियसला उकळलं पाहिजे, असा दंडक आहे. हवेतला ओलावा शोषून जुनं झालं की ती मर्यादा खाली येते. ओल्या ऑइलसाठी किमान आकडा 155 अंश आहे. हे ऑइल कॅलिपरच्या आत, पिस्टनच्या अगदी पाठीला असतं. कॅलिपर जर खरोखर तेवढा तापला तर आत ऑइल उकळेल, बुडबुडे होतील, आणि लीव्हर हँडलपर्यंत येईल तरी ब्रेक लागणार नाही. तेव्हा रंगाची काळजी करायला माणूस जागेवर असेल की नाही हाच प्रश्न.

उलट सांगायचं तर ब्रेक काम करतोय तोवर कॅलिपरचं बाहेरचं अंग त्या आकड्याच्या बरंच खाली आहे. शहरात चालवताना तर फारच खाली. डिस्क प्लेटची गोष्ट वेगळी, ती भयंकर तापू शकते; पण अक्षरं प्लेटवर नसतात. सोलापूरच्या आसपास एक तुळजापूरचा घाट सोडला तर ब्रेक लांबवर धरून ठेवावा असा उतारही नाही. साधा चांगला एनॅमल शंभरेक अंश निमूट सहन करतो. तेवढं पुरतं.

आणि सायलेन्सरचा रंग? तो सिलिकॉन जातीचा असतो. हवेत सुकल्यावर कोरडा दिसतो, पण खरा पक्का होतो तो भाजल्यावर, साधारण दोनशे अंशांच्या घरात. सायलेन्सर स्वतःच तेवढा तापतो, म्हणून तिथे तो आपोआप पिकतो. कॅलिपर कधीच तेवढा तापत नाही, म्हणून तिथे हा रंग जन्मभर कच्चा राहतो. पेट्रोलच्या फडक्याने पुसलं तरी निघतो. भट्टीत घालायचा तर आत रबराचे सील आहेत. थोडक्यात, उष्णतेसाठी म्हणून निवडलेला हा रंग कॅलिपरसाठी सर्वांत नाजूक. मित्राला हे सांगितलं. त्याला पटलं नाही, पण गप्प बसला.

ब्रेक धरून का बसला होता

गळतीने प्लेट तापत नाही. ते दुखणं स्वतंत्र होतं. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचललं आणि फिरवलं, तर अर्धा फेरा होईपर्यंत थांबायचं. कॅलिपर हाताने आतबाहेर हलवला, हलेना.

या प्रकारच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतात. ते आतला पॅड दाबतात आणि त्याच्या उलट जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना सरकत्या राहाव्यात म्हणून त्यांवर ग्रीस आणि धूळ जाऊ नये म्हणून रबरी बूट. ब्रेकमधलं रबर बहुतेक करून ईपीडीएम जातीचं असतं. ब्रेक ऑइलमध्ये ते वर्षानुवर्षं सुखाने राहतं, पण पेट्रोल, डिझेल, रॉकेल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस, म्हणजे जमिनीतून निघालेल्या तेलाच्या घरातलं काहीही लागलं की फुगतं. पोरग्याने सगळं पेट्रोलने धुतलं तेव्हा पिनांचं ग्रीस गेलं, बूट फुगून खाचेतून सुटले, आणि उघड्या पडलेल्या एका पिनेवर लाल स्प्रेचे कण बसले. पिना जाम.

पिस्टनचे सीलही संशयात आले. पिस्टनभोवतीचं चौकोनी छेदाचं सील दोन कामं करतं. ऑइल अडवतं, आणि लीव्हर सोडला की किंचित मुरगळलेलं ते पुन्हा सरळ होताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. डिस्क ब्रेकला वेगळी स्प्रिंग नसते, ती हीच. सील फुगलं की ही ओढ जाते आणि पॅड प्लेटला घासत राहतो. पेट्रोल किती आत गेलं होतं हे बघून कळण्यासारखं नव्हतं. अशा वेळी सील किट बदलायचं, वाद घालायचा नाही.

दुरुस्ती लांबवत नाही. बँजोची बैठक आणि कान कोऱ्या धातूपर्यंत साफ केले, नवे वॉशर, नवं सील किट, पिनांना नवे बूट आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस, ताजं डॉट 4 भरून पुन्हा हवा काढली. पॅडच्या कडेला ऑइल मुरलं होतं, म्हणून पॅडही नवे. ऑइल प्यायलेला पॅड घासून-भाजून वापरणारे लोक मला माहीत आहेत. मी त्यांच्या मागच्या सीटवर बसत नाही. बोल्ट टॉर्क पान्याने, कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्याला.

बाप सोबत आला होता. बिल पाहून म्हणाला, "पिवळा कलर लयच महाग पडला की." पोरगा हसला नाही.

अक्षरं पुन्हा, या वेळी गाडीवरच

लाल आम्ही उतरवला, कारण त्याच्या खाली कंपनीचा काळा थर चांगला टिकून होता. घरी बसून त्याहून चांगला थर देता येत नाही. देता येईल असा एकच रंग म्हणजे हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन). पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फवारलेलं श्वासात गेलं की दमा मागे लागू शकतो. तोंडाला रुमाल बांधून ते थांबत नाही. घराच्या गच्चीवर, शेजारी वाळवणं घातलेली असताना पीयू फवारू नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

माझं मत तर असंही होतं की रंगच नको. काळ्या कॅलिपरवर अक्षरांचे माथे सपाट ठोकळ्यावर बारीक वॉटर पेपर लावून घासले की उघडं अल्युमिनियम चमकतं, काळ्यावर चंदेरी नाव उठून दिसतं, आणि ब्रेक ऑइलने जाईल असं तिथे काही उरतच नाही. पण भंडारा चंदेरी नसतो. पिवळाच ठरला.

त्यासाठी मी त्याला आमच्या ओळखीच्या एका जुन्या नंबर प्लेट पेंटरकडे पाठवलं. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्या कंपनीच्या हाय सिक्युरिटी प्लेट लावूनच येतात, त्यामुळे या माणसांचा धंदा बसला; हात मात्र अजून तोच आहे. त्यांनी फोटो पाहूनच पहिली गोष्ट सांगितली: काळ्यावर पिवळा धरत नाही, खाली पांढरा दे. स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाड्यांच्या प्लेटवर काळ्यावर पिवळी अक्षरं असतात. ती त्यांनी बरीच काढलेली. पिवळा रंग मुळातच झाकत कमी, खालचा काळा वर दिसून हिरवट कळा येते. म्हणून लोक जाड भरतात आणि जाड भरला की सुरकुत्या. पांढऱ्याचा एक पातळ हात दिला की पिवळ्याचे दोन पातळ हात पुरतात.

दुसरी गोष्ट त्यांनी हाताने करून दाखवली. उठावाचं अक्षर ब्रशने भरायचंच नाही, टेकवायचं. जुन्या फोटो फ्रेमची काच घेतली, तिच्यावर एनॅमलचा थेंब प्लास्टिकच्या कार्डाने पसरून पातळ केला. शाळेचं खोडरबर ब्लेडने अक्षराच्या रुंदीचं, कडक सपाट तोंडाचं कापलं. ते काचेवर टेकवायचं, मग फरशीच्या तुकड्यावर एकदा टेकवून जादा रंग घालवायचा, आणि मग अक्षरावर सरळ दाबून सरळ उचलायचं. छापखान्यात अक्षरांच्या खिळ्यांच्या माथ्यालाच शाई लागते आणि मधल्या खाचा कोऱ्या राहतात, तसंच हे. रंग माथ्याला लागतो, बाजूंना ओघळत नाही. स्पंजचा तुकडा वापरला तर तो खाचांत शिरतो. कडक रबरच हवं.

गाडी मेन स्टँडवर, कॅलिपर जागच्या जागी. एकही बोल्ट खोलला नाही. डिस्क, पॅड आणि चाक प्लास्टिकने झाकलं, अक्षरांभोवती बोटभर जागा सोडून मास्किंग टेप लावली. पिनांचे बूट आणि हवा काढायचा निपलही टेपखाली. साफ करायला पेट्रोल नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते रबराला त्रास देत नाही आणि मागे तेलकटपणा ठेवत नाही. माथ्यांवर बारीक वॉटर पेपर फक्त चमक मरेपर्यंत फिरवला. अल्युमिनियम उघडं पाडायचं नाही, उघड्या अल्युमिनियमवर एनॅमल नीट चिकटत नाही आणि मग तापून-थंडावून सोलून निघतो.

वेळ संध्याकाळची, माग बंद असतानाची. जमिनीवर पाणी शिंपडून घेतलं. पुसायला टॉवेल नाही; आईची जुनी नायलॉनची साडी. टर्किश टॉवेलचे फास म्हणजे तुसाचं कोठार, ते सोलापूरकराला कोण सांगणार, पण रंगाच्या वेळी नेमकं विसरायला होतं.

दोन ठिकाणी रंग कडेला उतरलाच. त्यासाठी कुल्फीच्या काडीला साडीचा तुकडा एकपदरी गुंडाळला, टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत पिळला आणि कडेने एकदाच फिरवला. टर्पेंटाइन ताज्या एनॅमलला विरघळवतं, पण खालच्या पक्क्या काळ्या थराला काही करत नाही. या युक्तीचा सगळा जीव त्यात आहे. त्याहून जहाल असं एनसी थिनर घेतलं असतं तर पिवळ्याबरोबर काळाही धरला असता. पिळायचं कारण मात्र वेगळं: दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन हेही पेट्रोलियमच्याच घरातलं, आणि बूट दोन बोटांवर. रंगाला जे मानवतं ते रबराला मानवत नाही, हे या कामात पावलोपावली आडवं येतं.

प्रत्येक हातानंतर एक रात्र. वर सुकलेला एनॅमल आतून टणक व्हायला आठवडाभर घेतो, तोवर गाडी धुवायची नाही असं बजावलं.

त्यानंतर

नवे पॅड बसेपर्यंत काही दिवस हळू ब्रेक लावत गाडी चालली. चाक मोकळं फिरत होतं, टिश्यू कोरडा राहिला. पुढे तो आईला घेऊन तुळजापूरला गेला आणि घाट उतरून आला तेव्हा मी आवर्जून अक्षरं पाहिली. रंग तसाच. एका अक्षराचा कोपरा मात्र उडालेला, चाकाने उडवलेल्या खडीने. तो टेकवून पुन्हा भरता येतो, खोडरबराचा तुकडा त्याने जपून ठेवलाय.

एक गोष्ट त्याला लिहून दिली: वर टाकीत ऑइल भरताना थेंब कॅलिपरवर आला तर पुसायचा नाही, पाणी ओतायचं. पुसल्याने पसरतो, पाण्याने निघून जातो. कुणीतरी त्याला रंग वाचवायला सिलिकॉनचं डॉट 5 घाल असंही सुचवलं होतं. ते रंगाला खात नाही हे खरं, पण डॉट 4 साठी बनवलेल्या ब्रेकमध्ये ते घालायचं नसतं. अक्षरांसाठी ब्रेक बदलायचा, हा तर्क मला अजून कळलेला नाही.

तो सहाशे डिग्रीवाला मित्र मध्यंतरी स्वतःची गाडी घेऊन आला. त्याला डिस्क प्लेटच्या मधल्या भागावर आणि कॅलिपरवर दोन्हीकडे पिवळं हवं होतं. गाडी एबीएसची. 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना 2019 च्या एप्रिलपासून एबीएस सक्तीचं आहे, तेव्हा आता निम्म्या पोरांच्या गाड्या तशाच असतात. अशा गाडीत घरी होज पाइप खोलून एबीएसच्या डब्यात हवा गेली तर लीव्हर पंप करून ती निघेलच असं नाही. प्लेटवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तो रंगाखाली गेला तर प्लेट बदलायची वेळ कशी कळणार? आणि चाकाच्या सेन्सरच्या कडीजवळ तर ब्रश नेऊच नये. प्लेटचा नाद त्याने सोडला. कॅलिपरवर पाहिलं तर नाव ओतलेलं नव्हतंच, छापलेलं होतं. टेकवायला माथाच नाही. शेवटी तो रेडियमवाल्याकडून स्टिकर कापून घेऊन आला, एका इटालियन कंपनीच्या नावाचा, जी कंपनी त्याच्या गाडीच्या वाटेलाही गेली नव्हती. लाव म्हटलं, फक्त हवा काढायचा निपल झाकू नको.